कै. ताराबाई मोडक : शिशुशिक्षण, एक व्रत आणि एक व्यवसाय

आपल्या स्मरणिकेत ज्ञातीतील कर्तबगार व्यक्तींची चरित्रे छापावीत असा प्रघात आहे, व तो योग्यच आहे. या वर्षी मात्र प्रस्तुत लेखकाने संपादक मंडळींकडे हट्ट धरून एक निराळे चरित्र लिहिण्याची परवानगी मागून घेतली. कै. ताराबाई मोडक आपल्या ज्ञातीच्या नव्हेत, आपल्या पनवेल तालुक्याच्याही नव्हेत. तरीही त्यांच्या चरित्राची आपल्याला आज गरज आहे, आणि ती का, हे आरंभीच सांगितलेले बरे.

आपले कोन गाव जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावरचे. भाताची खाचरे, गुरे आणि घरोघर माणसे, असे त्याचे रूप ज्यांनी पाहिले ते अजून हयात आहेत. १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि नव्या मुंबईसाठी पनवेल-उरण भागातील अनेक गावांच्या जमिनी गेल्या. पुढे द्रुतगती मार्ग आला, इमारती आल्या, गिरणी कामगारांसाठी बांधलेली मोठी वसाहत कोनच्या हद्दीत उभी राहिली. शेती सुटली तसा मुलांनी कोणता व्यवसाय धरावा हा प्रश्न प्रत्येक घरात आला. गाड्या, गोदामे, बांधकामाचा पुरवठा, कंपनीतील नोकरी, एवढ्यावर आपली विचारशक्ती बहुधा थांबते. अशात एखादी मुलगी बारावी होऊन बालशिक्षणाचा अभ्यासक्रम घेते असे म्हणाली, अथवा एखादा मुलगा समाजकार्याचे शिक्षण घेऊन मुलांमध्ये व तरुणांमध्ये काम करू इच्छितो असे कळले, की घरातील वडीलधारी मंडळी कपाळाला आठ्या घालतात. इतके शिकून अखेर दुसऱ्यांची पोरेच सांभाळायची ना, असा त्यांचा सवाल असतो. हा सवाल एका बुद्धिमान स्त्रीलाही तिच्या काळी निश्चित विचारला गेला असेल. तिने त्याचे उत्तर तोंडाने न देता पन्नास वर्षांच्या कामाने दिले. ते काम काय होते, ते आता पाहू.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत झाला. माहेरचे आडनाव केळकर. वडील सदाशिवराव केळकर हे प्रार्थनासमाजाच्या मंडळींपैकी; घरातील वातावरण सुधारकी. मुलींना लिहिता-वाचता आले तरी पुष्कळ, असे मानणाऱ्या त्या काळात ताराबाईंनी १९१४ साली मुंबई विद्यापीठाची बी. ए. ची पदवी संपादन केली. पुढे अमरावतीचे वकील कृष्णराव मोडक यांच्याशी त्यांचा विवाह झाला. तो संसार फार काळ टिकला नाही. १९२१ च्या सुमारास पदरी एक लहानगी मुलगी घेऊन त्या स्वतःच्या पायावर उभ्या राहण्यास निघाल्या. या दुःखाचा विस्तार करण्याचे आपल्याला कारण नाही. एवढेच ध्यानात ठेवावे की, नोकरी ही त्यांच्यासाठी हौस नव्हती, गरज होती.

नोकरी मिळाली तीही साधीसुधी नव्हती. राजकोट येथील बार्टन स्त्री अध्यापन विद्यालयाच्या त्या प्राचार्या झाल्या. त्या जागेवर पूर्वी भारतीय स्त्री बसलेली नव्हती. पगार, मान, राहण्याची सोय, सर्व काही होते. आजच्या भाषेत बोलायचे तर आयुष्य मार्गी लागले होते. आणि ताराबाईंनी ती जागा सोडली!

का सोडली? भावनगर येथे दक्षिणामूर्ती नावाची संस्था होती. नानाभाई भट्ट यांनी ती १९१० साली स्थापन केलेली. तेथे १९२० साली गिजुभाई बधेका यांनी अगदी लहान मुलांसाठी एक बालमंदिर उघडले होते. हे गिजुभाई मूळचे वकील. स्वतःच्या मुलाच्या शिक्षणाचा विचार करता करता इटलीतील डॉक्टर मारिया मॉन्टेसरी यांचे ग्रंथ त्यांच्या वाचनात आले, आणि कोर्ट-कचेरी सोडून ते चिमुकल्यांत जाऊन बसले. मॉन्टेसरीबाईंनी १९०७ साली रोम शहरातील गरीब वस्तीत पहिले बालगृह उघडून असे दाखवून दिले होते की, योग्य वस्तू हाती दिल्या आणि मोकळीक दिली तर तीन-चार वर्षांचे मूल आपण होऊन तासन् तास एकाग्र होते, शिस्त पाळते, दुसऱ्याला मदत करते. छडीची वा बक्षिसाची गरज पडत नाही. गिजुभाई तेच भावनगरात करून पाहत होते. गुजरातेतील लोक त्यांना प्रेमाने मूछाळी मा, म्हणजे मिशा असलेली आई, म्हणत. मुलांचे काम बायकांनीच करावे असे मानणाऱ्या आमच्या पुरुष मंडळींनी हे बिरुद विसरू नये.

१९२३ साली ताराबाई भावनगरास गिजुभाईंना जाऊन मिळाल्या. प्राचार्यपद सोडून त्या बालमंदिरात आल्या, म्हणजे जगाच्या हिशेबी वरून खाली आल्या. परंतु त्यांच्या दृष्टीने हिशेब उलटा होता. मोठ्यांच्या विद्यालयात येणारी विद्यार्थिनी घडून आलेली असते. तिची भीती, तिचा आळस, तिचे पाठांतर हे सारे आधीच पक्के झालेले असते. पाया जेथे घातला जातो तेथे शहाणे माणूस नसते, म्हणून पुढे सगळ्या शाळांना डागडुजी करीत बसावे लागते. प्रस्तुत लेखकाने पस्तीस वर्षांहून अधिक काळ प्राथमिक शाळेत काढला. पहिलीत दाखल होणाऱ्या मुलांपैकी ज्याला आधी कोणी नीट गोष्ट सांगितली आहे, ज्याच्या हाती माती, खडे, रंग दिले आहेत, आणि ज्याला न मारता बोलते केले आहे, ते मूल पहिल्याच आठवड्यात ओळखू येते. याविषयी कोणाही जुन्या शिक्षकाला विचारावे.

भावनगरची नऊ-दहा वर्षे ही ताराबाईंची उमेदवारी. ‘उमेदवारी’ हा शब्द येथे मुद्दाम योजला आहे. सुतार जसा आधी रंधा धरावयास शिकतो, तसे त्या मुलांचे निरीक्षण करावयास शिकल्या. मूल कोणती वस्तू किती वेळ हाताळते, कोठे अडते, केव्हा कंटाळते, रडण्यामागे भूक आहे की अपमान, याच्या नोंदी ठेवणे हा तेथील शिक्षकांचा नित्यपाठ होता. बालमंदिरासोबत शिक्षक तयार करणारे अध्यापन मंदिरही चाले. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली व त्याच्या कामाचा भार ताराबाईंनी उचलला. ‘शिक्षणपत्रिका’ गुजरातीत निघत असे. १९३३ पासून तिची मराठी आवृत्ती ताराबाईंनी सुरू केली. मराठी आईबापांना बालमानस समजावून सांगणारे असे नियतकालिक त्या काळी दुर्मिळच होते.

पुढे त्या मुंबईस परतल्या आणि १९३६ साली दादर येथे शिशुविहार सुरू झाला. (योगायोग असा की, सामाजिक कार्याचे रीतसर शिक्षण देणारी टाटांची संस्था, जिला आज आपण टाटा सामाजिक विज्ञान संस्था म्हणून ओळखतो, तीही मुंबईत त्याच वर्षी निघाली.) दादरचा शिशुविहार नावारूपास आला. मध्यमवर्गीय, सुशिक्षित घरांतील मुले तेथे येत. बालशिक्षिकांचे अध्यापन मंदिरही त्याला जोडलेले होते. येथेच ताराबाई थांबल्या असत्या तरी त्यांचे नाव राहिले असते. परंतु शहरातील सुखवस्तू मुलांना जे मिळते ते खेड्यातील आणि जंगलातील मुलांना का मिळू नये, हा विचार त्यांना बसू देईना. मॉन्टेसरीची साधने खर्चाची. खेड्यांना ती परवडणार कशी? महात्मा गांधींच्या नयी तालीमचे विचारही याच सुमारास बालशिक्षणास खेड्याकडे खेचत होते.

१९४५ साली वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, म्हणजे आपल्याकडे माणसे निवृत्तीचे दिवस मोजू लागतात त्या वयात, ताराबाई ठाणे जिल्ह्याच्या किनाऱ्यावरील बोर्डी गावी गेल्या आणि तेथे ग्राम बाल शिक्षा केंद्र उघडले. त्यांच्यासोबत आल्या अनुताई वाघ. अनुताईंचा जन्म १९१० सालचा, मोरगावचा; तेराव्या वर्षी लग्न झाले आणि काही महिन्यांतच वैधव्य आले. त्यातून शिकून त्या शिक्षिका झालेल्या. गुरू-शिष्येची ही जोडी पुढे अठ्ठावीस वर्षे अभंग राहिली.

आता जो भाग येतो तो तरुण वाचकांनी सावकाश वाचावा.

बोर्डीस बालवाडी तर उघडली. परंतु गरीब वस्तीतील मुले येईनात. कोणाचे कपडे धड नव्हते, कोणाच्या कडेवर धाकटे भावंड, कोणाच्या आईला सकाळी मजुरीस जावयाचे. शाळेविषयी विश्वासही नव्हता. येथे एखादा सरकारी अधिकारी असता तर पालकांना शिक्षणाचे महत्त्व कळत नाही असा शेरा मारून मोकळा झाला असता. ताराबाईंनी असे ठरविले की, मुले शाळेत येत नाहीत ना, मग शाळाच मुलांच्या अंगणात जाईल. शिक्षिका वस्तीत जाऊ लागल्या. अंगण झाडावे, मुलांना अंघोळ घालावी, केस विंचरावे, नखे काढावी, आणि तेथेच झाडाखाली गाणी, गोष्टी, खेळ. आयाबाया कामे करता करता पाहत. हळूहळू त्यांचे पाय थबकू लागले, आणि मुलांप्रमाणे आयांचेही शिक्षण न बोलावता होऊ लागले. या प्रकाराला ताराबाईंनी ‘अंगणवाडी’ हे नाव दिले. ठराविक जागी, ठराविक वेळी भरते ती मध्यवर्ती बालवाडी. आणि वस्तीच्या अंगणात जाऊन भरते ती अंगणवाडी. आज हिंदुस्थानातील खेडोपाडी हा शब्द रुळला आहे. तो मूळचा मराठी, आणि आपल्याच कोकणपट्टीत जन्मलेला, हे आपल्यापैकी कितीजणांस ठाऊक असेल?

साधनांचा प्रश्न त्यांनी असाच सोडविला. समुद्रकाठचे शंख-शिंपले, चिंचोके, बिया, पाने, गोटे, बांबूचे तुकडे, माती. मोजावयाचे तर चिंचोके, रंग ओळखावयाचे तर पाने-फुले, लहान-मोठे लावावयाचे तर शिंपले. मॉन्टेसरीचे तत्त्व त्यांनी सोडले नाही, फक्त लाकडी पेटीतून काढून झाडाखाली ठेवले. हे वाचताना सोपे वाटते. करून पाहणाऱ्यास कळते की, शिंपल्याचा ढीग म्हणजे साधन नव्हे. कोणत्या मुलापुढे तो केव्हा ठेवावा हे ज्याला कळते त्याच्या हाती ते साधन होते. यालाच विद्या म्हणतात.

त्या भागात वारली आदिवासींची वस्ती मोठी. ताराबाई बोर्डीस आल्या त्याच वर्षी डहाणू-उंबरगाव भागात वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध उठाव केला होता. जेथे बापाला मजुरी धड मिळत नाही तेथे मुलाने पाटी घेऊन बसावे अशी अपेक्षा करणे किती कठीण, हे यावरून समजावे. स्वातंत्र्याच्या सुमारास काही वर्षे ताराबाई मुंबई विधानसभेच्या सभासदही होत्या; परंतु त्यांचे मन सभागृहापेक्षा पाड्यांवर अधिक रमले असावे असे त्यांच्या पुढच्या आयुष्यावरून दिसते. १९५७ च्या सुमारास केंद्र बोर्डीहून डहाणूनजीकच्या कोसबाड टेकडीवर गेले व काम थेट आदिवासी पाड्यांत पोहोचले.

कोसबाडला एक अडचण ठळकपणे समोर आली. शाळेच्या वयाची मुलगी शाळेत येत नाही, कारण तिच्या कडेवर भाऊ असतो. मुलगा येत नाही, कारण तो गुरांमागे असतो. पहिल्या अडचणीवर ताराबाईंनी विकासवाडीचा प्रयोग केला. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात ठेवली. धाकटे पाळणाघरात, मधले बालवाडीत, थोरली वर्गात. मधल्या सुटीत थोरलीने जाऊन भावाला पाहून यावे. दुसऱ्या अडचणीवर कुरणशाळा काढली. गुरे चारणाऱ्या मुलांमागे शिक्षक कुरणात जाई. गुरे चरत आणि मुले शिकत. इतकी सरळ गोष्ट, परंतु ती सुचण्यासाठी मूल दिवसभर काय करते हे जाऊन पाहावे लागते. कचेरीत बसून योजना आखणाऱ्यास ती सुचत नाही.

१९६२ साली भारत सरकारने ताराबाईंना पद्मभूषण दिले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे निधन झाले. त्यानंतर दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव मिळाले. त्यांनी दिलेला शब्द देशभर गेला. तो गेलेला पाहण्यास त्या राहिल्या नाहीत. अनुताईंनी कोसबाडचे काम पुढे चालविले. १९८५ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि १९९२ साली त्यांनीही कोसबाड येथेच देह ठेवला.

शब्द गेला, त्याबरोबर काम किती गेले? येथे स्पष्ट बोलणे भाग आहे. ग्रामीण भागात साधारण चारशे ते आठशे लोकवस्तीमागे एक अंगणवाडी असा सरकारी दंडक आहे. सेविकेने सहा वर्षांखालील मुलांची वजने घ्यावीत, पूरक आहार द्यावा, लसीकरणास साहाय्य करावे, गरोदर व स्तनदा मातांची विचारपूस करावी, नोंदी भराव्यात, आणि उरल्या वेळात शिकवावे. सरकार तिला नोकर मानीत नाही, मानसेवी मानते. पगार नव्हे, मानधन देते. मानधनवाढ व इतर मागण्यांसाठी डिसेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्रातील अंगणवाडी सेविकांनी पुकारलेला संप जानेवारी २०२४ पर्यंत चालला होता. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये सेविका व मदतनीस यांना उपदानाचा हक्क आहे असा निकाल दिला, ही त्यातल्या त्यात समाधानाची गोष्ट. म्हणून घरची मंडळी पैशाची शंका काढतात तेव्हा त्यांना मूर्खात काढू नये. त्यांची शंका खरी आहे. परंतु त्या शंकेचा निष्कर्ष ते चुकीचा काढतात. काम हलके म्हणून मोबदला कमी, असे ते समजतात. वास्तविक हे काम घरच्या बाईने फुकट करावयाचे असे समाजाने पूर्वीपासून धरून ठेवले, म्हणून मोबदला कमी राहिला. शिकलेली माणसे या कामात जितकी येतील, तितकी ही समजूत मोडेल. न येतील तर ती अशीच राहील.

शिवाय अंगणवाडी ही या क्षेत्राची एकच वाट नव्हे. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तीन ते आठ हे वय पायाभूत शिक्षणाचे म्हणून एकत्र धरले आहे. म्हणजे ताराबाईंनी विकासवाडीत बालवाडी आणि प्राथमिक शाळा एका आवारात आणली होती, त्याच दिशेने धोरण आले. बालशिक्षणाची पदविका घेतलेल्या शिक्षिकांची गरज त्यामुळे वाढणार. प्राथमिक शिक्षक होण्यासाठी डी. एल. एड. आहे. समाजकार्याची पदवी घेणाऱ्यांस बालगृहे, जिल्हा बाल संरक्षण कक्ष, रुग्णालये, युवक-केंद्रे येथे काम असते. संकटातील मुलांसाठी १०९८ हा दूरध्वनी क्रमांक आहे, त्याचा आरंभ १९९६ साली मुंबईत वर उल्लेखिलेल्या टाटांच्या संस्थेतूनच झाला. त्या दूरध्वनीपाशी बसणारी आणि हाक येताच धावणारी माणसेही या व्यवसायातीलच.

आणि आपल्या गावातच पाहा. कोनला आता केवळ आपली मुले नाहीत. गिरणी कामगारांच्या इमारतींतून, भाड्याच्या खोल्यांतून, बांधकामावरील झोपड्यांतून निरनिराळ्या भाषांची मुले वाढत आहेत. आई कामावर, बाप कामावर, आणि आठ वर्षांची थोरली धाकट्याला कडेवर घेऊन वाळूच्या ढिगाशी बसलेली. कोसबाडच्या पाड्यावरची तीच मुलगी आता पळस्पे फाट्याच्या बाजूस राहावयास आली आहे. फरक इतकाच की, तेथे तिच्यासाठी विकासवाडी होती.

या कामात कोणी जावे आणि कोणी जाऊ नये, याविषयी एका जुन्या शिक्षकाचे मत विचाराल तर ते असे. मुले आवडतात एवढे कारण पुरेसे नाही. नटविलेले, हसरे मूल सर्वांनाच आवडते. नाक वाहणारे, चावा घेणारे, तीन दिवस एक शब्द न बोलणारे मूल पाहून ज्याला राग येण्याऐवजी कुतूहल वाटते, त्याने खुशाल जावे. ज्याला दहा वेळा तीच गोष्ट सांगण्याचा कंटाळा येतो त्याने जाऊ नये. नोंदी ठेवण्याचा आळस असेल तर जाऊ नये. दुसरी नोकरी मिळेपर्यंत म्हणून तर मुळीच जाऊ नये. मुलांना ते मोठ्यांच्या आधी कळते. वडीलधाऱ्यांना एवढीच विनंती की, मुलीने हा अभ्यासक्रम घेतला म्हणजे तिने कमी गुणांमुळे काहीतरी पत्करले असे पाहुण्यांना सांगू नये. ताराबाई मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर होत्या, प्राचार्या होत्या; त्या नाइलाजाने बालमंदिरात गेल्या नव्हत्या.

आपल्या मंडळाच्या शिक्षण निधीतून या वर्षी अभियांत्रिकी व औषधनिर्माण शास्त्राच्या विद्यार्थ्यांस साहाय्य देण्यात येते तसेच ते बालशिक्षणाच्या पदविकेसही मिळावे, अशी सूचना प्रस्तुत लेखकाने वार्षिक सभेपुढे ठेवण्यासाठी चिटणिसांकडे दिली आहे. सभेस येणाऱ्यांनी तिच्यावर अवश्य बोलावे, विरुद्ध असेल तरी. ज्या मुलामुलींच्या मनात या व्यवसायाचा विचार घोळत आहे त्यांनी त्याआधी एकदा कोसबाडची टेकडी पाहून यावी. पनवेलहून वसईमार्गे डहाणूपर्यंत आगगाडीने जाता येते. तेथून टेकडी फार दूर नाही. सोबत आईला अवश्य न्यावे.